जखमी रानजनावर सापडलं तर: खान्देशातल्या नवख्यांसाठी

गहू काढणीला आला की मला एक फोन ठरलेला. "डॉक्टर, बिबट्याचे पिल्लं सापडले. तीन आहेत. लवकर या." मी पोहोचेपर्यंत ती पिल्लं वावरातून बांधावर, बांधावरून कोणाच्या तरी ओट्यावर आणि तिथून शंभर मोबाइलांत गेलेली असतात. कापसाच्या बोळ्याने कोणीतरी गायीचं दूधही पाजलेलं असतं. आणि जवळून पाहावं तर ती बहुतेक वेळा बिबट्याची नसतातच. रानमांजराची असतात. बिबट्याच्या बछड्याच्या अंगावर दाट काळे ठिपके असतात. रानमांजराचं पिल्लू मातकट, अंगावर पुसटसे पट्टे. आई शेजारच्या पाटचारीत दबा धरून गर्दी पांगायची वाट पाहत असते.

मी मूळचा गुरांचा डॉक्टर. अडलेली म्हैस, फुगलेला बैल, लाळ्या-खुरकूत, हे माझं रोजचं काम. पण सातपुड्याच्या पायथ्याशी दवाखाना टाकला की वनखात्याची गाडी आज ना उद्या दारात उभी राहतेच. खाली लिहिलंय ते बरंचसं चुका करून शिकलेलं आहे. सुटकेच्या कामात नव्याने उतरलेली पोरं आणि नुकतेच तालुक्याला रुजू झालेले पशुवैद्यक डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. गाय तुम्हाला ओळखते, कुत्रा ओळखतो. रानजनावराच्या लेखी तुम्ही त्याला खायला आलेले आहात. तुमचा हात, आवाज, डोक्यावरून फिरवलेली माया, हे सगळं त्याला शिकाऱ्याचंच वाटतं. जखमेने मरायला वेळ लागतो, भीतीने लागत नाही.

आधी लांबून पाहा

धावत जाऊ नका. पंधरा-वीस पावलांवर थांबा आणि याला खरंच मदत हवी आहे का, हे आधी ठरवा.

सशाचं पिल्लू गवतात एकटं बसलेलं दिसलं म्हणजे ते पोरकं नाही. सशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई त्यांना लपवून जाते, दूध पाजायला थोडा वेळ येते आणि पुन्हा निघून जाते. रोहीचं (म्हणजे नीलगायीचं) आणि हरणाचं पाडसही तसंच, गवतात निपचित पडून राहतं. वैशाखात अंगणात उतरलेलं, अर्धे पंख फुटलेलं बुलबुलाचं पिल्लू उडायला शिकत असतं. कुत्रा-मांजर नसेल अशा फांदीवर ठेवून द्या, आई-बाप तिथेच येऊन चारतात. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, हे पाखरांच्या बाबतीत खरं नाही.

बिबट्याच्या बछड्यांचंही हेच. वनखातं ती सापडलेल्या जागीच संध्याकाळी कमी उंचीच्या क्रेटमध्ये ठेवतं, आसपास कॅमेरे लावतं आणि माणसं मागे घेतं. आई रात्रीतून उचलून नेते. आपलं काम एवढंच, की त्या वावरात त्या रात्री पाण्याची पाळी द्यायलाही कोणी जायचं नाही. वावरमालक कुरकुर करतो. पण बछडे उचलून नेले तर बिथरलेली मादी त्याच शिवारात हिंडेल, हे सांगितलं की त्याला पटतं.

रक्त, लोंबणारा पंख, अंगावर बसलेल्या माश्या, मांजराने किंवा कुत्र्याने तोंडात धरलेलं असणं, विजेचा धक्का, उघड्या तोंडाने धापा, ही मात्र मदतीची लक्षणं. मांजराने धरलेलं पाखरू वरून ठणठणीत दिसलं तरी डॉक्टरकडे न्याच. मांजराच्या दातांची भोकं सुईएवढी असतात आणि त्यातून गेलेले जंतू एक-दोन दिवसांत पाखरू मारतात.

मग फोन

वनविभागाचा १९२६ हा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा. शिवाय तुमच्या बीटचा वनरक्षक आणि वनपाल यांचे नंबरही. हद्दी माहीत असल्या की तासभर वाचतो. जळगाव जिल्ह्यात जळगाव आणि यावल असे दोन वेगळे वनविभाग आहेत, नंदुरबारकडे तळोद्याचा मेवासी विभाग वेगळा. फोनवर गाव, गट किंवा ओळखीची खूण, जनावर कोणतं, काय झालं आणि गर्दी किती, एवढं सांगा. गर्दीचं सांगायला लोक विसरतात, आणि पोलीस पाटलाला आधी बोलवायचं की पिंजरा आधी आणायचा, हे त्यावरच ठरतं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे रानजनावर सरकारची मालमत्ता आहे. ते तुमच्या ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनअधिकाऱ्याला कळवावं लागतं. बरं होईपर्यंत घरी ठेवतो, हे चालत नाही. पोपटही नाही आणि कासवही नाही.

बिबट्या, तरस, लांडगा, रानडुक्कर, मोठा रोही, माकड, साप यांना नवख्याने हात लावायचा नाही. तिथे तुमचं काम गर्दी हटवणं आणि जनावरावरची नजर न सोडणं. आपल्याकडे बिनकठड्याच्या विहिरी पावलोपावली आहेत. विहिरीत पडलेला बिबट्या पोहून पोहून थकतो आणि बुडतो. पिंजरा येईपर्यंत चार कोपऱ्यांना दोर बांधून एक बाज पाण्यात सोडा. तो तिच्यावर चढून बसेल. मग दोर झाडाला बांधा आणि काठावरून माणसं मागे घ्या. वरून डोकावणारी मुंडकी दिसतात तोवर तो बाजेवर स्वस्थ बसत नाही, हे मी तीनदा पाहिलंय.

खोकं

लहान जनावर आणि पाखरू यांची पहिली दवा म्हणजे अंधार. त्यासाठी आपल्या भागात उत्तम वस्तू फुकट मिळते. रावेर-सावद्याकडचं केळीच्या निर्यातीचं खोकं. मजबूत असतं आणि त्याला हवेची भोकं आधीच पाडलेली असतात. वरचं मोठं भोक जुन्या धोतराच्या फडक्याने झाका. तळाला सुती कापड घाला. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. कडबा किंवा भुसा तर नकोच, त्यातली बुरशी पाखराच्या फुप्फुसात जाते. तारेचा पोपटाचा पिंजरा वापरलात तर पाखरू धडपडून उरलेले पंखही मोडून घेईल.

पकडताना चादर किंवा गोणपाट वरून टाका आणि कापडासकट दोन्ही हातांनी उचला. शिकारी पक्ष्याची चोच नव्हे, पंजा सांभाळायचा असतो. वेल्डिंगवाल्याचे कातडी हातमोजे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, तेवढे पुरतात. पाखराची छाती कधी आवळू नका. त्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड वरखाली झालं तरच श्वास चालतो. घट्ट धरलेली चिमणी मुठीत गुदमरते आणि धरणाऱ्याला वाटतं भीतीने गेली.

खोकं बंद करा. उघडून पाहू नका. गाडीत गाणी नको. आणि ते मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बोलेरोत ठेवून चहाला जाऊ नका. भुसावळच्या उन्हात बंद गाडी म्हणजे भट्टी.

काय द्यायचं नाही

मी पोहोचेपर्यंत प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आजी किंवा नाना काहीतरी पाजून मोकळे झालेले असतात. "भाऊ, जित्तं शे ना? मंग थोडं पानी पाजू का?" विचारणाऱ्याचा जीव तुटत असतो, म्हणून रागावता येत नाही. पण नाहीच म्हणायचं.

पाखराच्या जिभेच्या बुडाशी श्वासनळीचं तोंड उघडंच असतं. बाटलीच्या बुचाने ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. पाखराला दूध पचतच नाही. गायीचं दूध सशाच्या, खारीच्या, मांजराच्या पिल्लाला हगवण लावतं, आणि मूठभर जिवातलं पाणी एका रात्रीत संपतं. घारीला पोळी, घुबडाला वरण-भात हे तर नेहमीचं. ही मांस खाणारी पाखरं आहेत. अर्धा दिवस उपाशी राहून कोणी मरत नाही, जबरदस्तीने भरवल्याने मात्र मरतं.

जखमेवर हळद नको. ती रक्त थांबवते खरी, पण मग जखम किती खोल आहे ते मला दिसतच नाही. फिनेल, रॉकेल, डिझेल नको. बैलाच्या जखमेतल्या किड्यांवर आपण टर्पेंटाइनचा बोळा ठेवतो, तो पाखरू, कासव, मांजर यांना चालत नाही. मलमसुद्धा नको. पंखांना तेलकटपणा लागला की त्यांची घडी बसत नाही, पाणी आत शिरतं आणि पाखरू गारठतं. स्वच्छ सलाइनने धुवा, हवं तर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा, आणि थांबा.

माणसाच्या गोळ्या अजिबात नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराच्या जातीला मारायला पुरते. गुरांना द्यायचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक २००६ साली बंद झालं, ते औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपली म्हणून. ही अक्कल आपल्याला फार महाग पडली आहे, ती वाया घालवू नका.

कोणाला काय होतं

हरीण, चिंकारा, रोही. यांच्याबद्दल जरा लांबण लावतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच आहे. सुरुवातीच्या वर्षांत कुत्र्यांनी मांडीला चावलेलं एक चिंकारा आलं. जखम किरकोळ होती. मी दवाखान्याच्या अंगणात, वीस माणसांच्या घोळक्यात, अर्धा तास टाके घातले. सुंदर टाके. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ते उठेना, लघवी काळ्या चहासारखी झाली, तिसऱ्या दिवशी मेलं. टाके कोरडे होते. जीव तोडून पळालेल्या आणि मग दाबून धरलेल्या हरणाचे स्नायू आतून विरघळायला लागतात. रक्त आंबतं, ताप चढतो, स्नायूंतला रंग मूत्रपिंडात अडकतो. कधी तासाभरात मरतं, कधी चार दिवसांनी. एकदा सुरू झालं की हातात फारसं काही उरत नाही. म्हणून यांना पाठलाग करून पकडायचंच नाही. पकडावंच लागलं तर ताबडतोब डोळ्यांवर फडकं. बोलायचं नाही, अगदी हळूसुद्धा. पाय दुमडून, छाती जमिनीला टेकवून बसवायचं, आडवं पाडायचं नाही, आडवं पडलं की पोट फुगतं आणि रवंथ श्वासनळीत जातो. मान वर, तोंड खाली झुकलेलं. ताप १०६ अंशांच्या पुढे दिसला तर पाय आणि पोट साध्या पाण्याने भिजवा. पाच मिनिटांत होईल तेवढंच करा, बाकीचं जाऊ द्या.

मोर. पेरणीच्या दिवसांत वावरात मोर लाळ गाळत पडलेला, पाय लटपटतायत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तर कीटकनाशक लावलेलं बियाणं खाल्लं असं धरून चला. यावर अ‍ॅट्रोपिनचा उपाय आहे, पण वेळेत. आसपास सांडलेलं बियाणं पुडीत बांधून सोबत आणा, हातमोजे घालून. एकाहून जास्त मोर पडले असतील तर कशाला हात न लावता वनखात्याला बोलवा, तो गुन्ह्याचा मामला असू शकतो. उंदीर मारायच्या काळ्या पावडरीची शंका असेल तर मेलेल्या जनावराचं पोट बंद खोलीत उघडू नका, त्यातून निघणारा वायू फाडणाऱ्यालाही लागतो. हे तरुण पशुवैद्यकांसाठी.

घार, शिक्रा, घुबड. संक्रांतीनंतर दोन-तीन आठवडे मांजाचेच पेशंट. नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची बंदी आहे, तरी तो गल्लीत मिळतो. अडकलेला मांजा ओढू नका, दोन्हीकडून कापा आणि पाखरासकट आणा. सुटलेला पंख अंगाला नैसर्गिक घडीत धरून कापडी पट्टीने सैल बांधा, छातीला वेढा नको. खांद्याजवळचं हाड मोडून बाहेर आलं असेल तर त्यावर सलाइन ओतू नका. पाखराचं ते हाड पोकळ असतं आणि श्वासाच्या पिशव्यांना जोडलेलं असतं, पाणी तिथून आत जातं. रक्ताचा हिशेबही समजून घ्या. पिंगळ्याचं वजन जेमतेम सव्वाशे ग्रॅम, अंगात सगळं मिळून रक्त दोन चमचे. फडक्यावर पडलेला छोटासा डागसुद्धा त्याच्यासाठी मोठा असतो. जुन्या जिनिंगच्या छपरातून गव्हाणी घुबडाची पांढऱ्या तोंडाची पिल्लं पडतात. लोक भितात, अपशकुन म्हणतात. दिवाळीच्या आसपास घुबड सापडलं तर ते कोणाच्या हाती पडणार नाही याची जास्त काळजी घ्या, त्या दिवसांत त्याच्यावर जादूटोणावाल्यांचा डोळा असतो.

उन्हाने पडलेली पाखरं. मेच्या दुपारी, पारा ४५ ला गेला की पारवे, घारी, बगळे पडतात. सावलीत न्या, पायांवर आणि पंखाखाली साध्या पाण्याचा हात फिरवा. बर्फाचं पाणी नको. मान ताठ धरत असेल तर चोचीच्या टोकाशी थेंब लावा, स्वतः गिळेल तेवढंच. बरीचशी संध्याकाळपर्यंत उडून जातात.

वानर. तारेला चिकटून पडलेलं वानर लगेच उठून बसतं आणि लोक म्हणतात वाचलं. विजेचा जाळ आत असतो. चार-पाच दिवसांनी हाताची कातडी काळी पडून गळते. म्हणून उठलं तरी वनखात्याला कळवा. मेलेल्या आईला बिलगलेलं पिल्लू ओढून काढू नका, त्याच्यासाठी वनखात्याचा माणूस बोलवा.

कासव. भेगाळलेल्या कवचाचं कासव परत विहिरीत टाकू नका, बुडतं. ओल्या फडक्यावर, उथळ टबात ठेवून आणा. आणि पशुवैद्यकांनो, जंतासाठी हात सहज आयव्हरमेक्टिनकडे जातो. कासवाला ते विष आहे.

साप प्रशिक्षित सर्पमित्राकडेच. जाळीत अडकलेला असला तरी.

दवाखान्यात आल्यावर

इथून पुढचं डॉक्टरांचं काम, पण सोबत्याला ते माहीत असलं की दोघांचं सोपं होतं. आल्या आल्या टेबलावर घ्यायचं नाही. खोकं शांत खोलीत अर्धा तास ठेवायचं. फटीतून श्वास मोजायचे, उभं कसं राहतंय ते पाहायचं. मग तपासणी, एकदाच आणि झटपट. सगळी औषधं आधी भरून ठेवायची. वजन ग्रॅमच्या काट्यावर, अंदाजाने नाही. गारठलेल्याला आधी ऊब, मग सलाइन अंगाच्या उष्णतेइतकं कोमट करून, आणि अन्न सगळ्यात शेवटी. खूप उपाशी जिवाला एकदम पोटभर घातलं तर ते आणखी खचतं. शिकारी पक्ष्याच्या पिल्लाला नुसतं बिनहाडाचं चिकन घालत राहिलात तर महिन्याभरात पाय वाकतात, हाडांसकट भक्ष्य लागतं.

कुत्र्यांच्या वॉर्डाशेजारी बिबट्याचं बछडं किंवा उदमांजर ठेवायचं नाही, डिस्टेंपर आणि पार्व्हो हे आजार तिथूनच जातात. हरणाला शेळ्यांपासून लांब ठेवायचं. बेशुद्धीचं इंजेक्शन, बंदूक, फुंकनळी हे वनखात्याच्या परवानगीने आणि अनुभवी पशुवैद्यकाच्या हातूनच. मोठी शस्त्रक्रिया लागली तर नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या वन्यजीव उपचार केंद्रासारख्या ठिकाणी पाठवायचा निर्णय वनखातं घेतं. रस्ता लांबचा असतो, म्हणून आधी जनावर प्रवासाला टिकेल इतकं सावरायचं.

कधी कधी मात्र डॉक्टर म्हणतात, याला झोपवलेलं बरं, म्हणजे इंजेक्शनने शांत मरण दिलेलं बरं. मोडलेल्या पंखाची घार पिंजऱ्यात पंधरा वर्षं जगवायची की नाही, यावर माझं मत कठोर आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही.

तुमचा स्वतःचा जीव

या कामात पडायचं तर रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा: पहिला दिवस, सातवा आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा. धनुर्वाताचंही पाहून घ्या. माणसाला न भिता अंगावर येणारा, लडखडत चालणारा कोल्हा किंवा मुंगूस दिसलं तर लांब राहा. चावलं, ओरखडलं किंवा फाटलेल्या कातडीला लाळ लागली, तर साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. मग थेट सरकारी दवाखाना. आधी लस घेतलेली असली तरी जायचंच, फक्त सुया कमी लागतात. असं जनावर मेलं तर डोकं ठेचू नका, तपासणीला मेंदू लागतो. माकडाजवळ मास्क लावा. तो आपल्यासाठी असतो तितकाच त्यांच्यासाठी, आपला क्षय त्यांना होतो.

सोडताना

सोडण्याचा निर्णय वनखात्याचा, कागदोपत्री नोंद करून. जिथे सापडलं तिथेच किंवा शक्य तितकं जवळ. लांडोर सापडली अमळनेरला आणि जंगल छान आहे म्हणून सोडली सातपुड्यातल्या पाल गावाला, असं करू नका. रात्री हिंडणारं संध्याकाळी सोडायचं, दिवसाचं पाखरू सकाळी. कासव त्याच पाण्यात.

पिंगळा असेल तर दिवेलागणीला खोकं झाडाखाली ठेवा, झाकण काढा आणि वीस पावलं मागे या. हवेत भिरकावू नका, तसं फक्त व्हिडिओत चांगलं दिसतं. तो लगेच उडेलच असं नाही. काठावर येऊन बसतो, मान गोल फिरवतो, कधी अर्धा तास. बसू द्या. गेला की वहीत तारीख, वेळ, वजन लिहा. खोकं घरी आणू नका, तिथेच लांब नेऊन जाळा. सावद्याला खोक्यांना तोटा नाही.